सॉलिसिटरांच्या पेढीतील उमेदवारी

व्यापारी कायद्याचे काम करणाऱ्या मोठ्या पेढ्यांमध्ये उमेदवारी कशी मिळते, ती कोणास मिळते आणि कोणास मिळत नाही, हा प्रश्न बडोद्यात दरवर्षी सुट्ट्यांच्या आधी कायद्याच्या विद्यार्थ्यांमध्ये नव्याने उपस्थित होतो, आणि त्याची तीच दोन उत्तरे दरवर्षी दिली जातात. एका पक्षाचे म्हणणे असे की, अंगी गुणवत्ता असेल तर मुंबई-दिल्लीच्या पेढ्या आपणहून बोलावतात. दुसऱ्याचे म्हणणे असे की, हा सारा वशिल्याचा मामला असून अर्ज पाठविणे हा निव्वळ उपचार होय. दोन्ही पक्षांना आपापल्या परीने दाखले देता येतात, त्यामुळे वाद कधी मिटत नाही. माझ्या मते दोघांच्याही नजरेतून निसटलेली गोष्ट अशी की, या व्यवसायातील प्रवेशाचे नियम फारसे कोणी लिहूनच ठेवलेले नाहीत. आणि जेथे नियम अलिखित असतात, तेथे ज्याच्या घरात ते आधीपासून ठाऊक आहेत तो, त्याची इच्छा असो वा नसो, वशिलेदारच ठरतो.

हा अलिखितपणा आजचा नव्हे. मुंबईत क्रॉफर्ड बेली ही पेढी १८३० साली निघाली, लिट्ल आणि कंपनी १८५६ साली, वाडिया घांदी १८८३ साली. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे जेथे दावा मुळापासून चाले त्या शाखेवर, पक्षकाराची गाठ प्रथम सॉलिसिटराशी पडे. कागदपत्रांची जुळवाजुळव, नोटिसा, दस्तऐवजांचे मसुदे ही सारी कामे तो करी, आणि न्यायाधीशांपुढे उभे राहून बोलण्याचा मान, सॉलिसिटर ज्याच्या हाती ब्रीफ ठेवील त्या बॅरिस्टरास मिळे. सॉलिसिटर व्हावयाचे तर एखाद्या पेढीत तीन वर्षे आर्टिकल्ड क्लार्क म्हणून राबून, १८९४ साली स्थापन झालेल्या लॉ सोसायटीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे. परीक्षेचे विषय छापलेले असत. परंतु कोणत्या पेढीत, कोणत्या भागीदाराच्या हाताखाली जागा मिळावी याविषयी कोठेही काही छापलेले नसे. ते नात्यागोत्यात, क्लबात, फार तर एखाद्या मातबर अशिलाच्या दिवाणखान्यात ठरे. जुन्या पेढ्यांच्या पाट्या वाचल्या तर इंग्रज, पारशी आणि गुजराती नावे मुबलक आढळतात, मराठी नावे मात्र शोधावी लागतात. मराठी माणसाने वकिली थोडी केली असे नव्हे. परंतु ती बहुधा अपील शाखेवर अथवा जिल्ह्याच्या कोर्टात केली, आणि जमिनीच्या तंट्यात जितके मन रमविले तितके जहाजाच्या विम्यात किंवा भागीदारीच्या करारनाम्यात रमविले नाही.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा दाखला या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या या बाईंनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची बी.सी.एल.ची परीक्षा दिली; ती देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. पण विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नव्हते, आणि कोर्टाची सनद मिळण्याचा तर प्रश्नच नव्हता. तरीही लंडनमधील ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटरांच्या पेढीत त्यांना काम शिकता आले. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीचा अधिकार देणारा कायदा १९२३ साली झाला; म्हणजे उमेदवारी आधी आणि अधिकार तीस वर्षांनी, असा हा उलटा क्रम. विद्वत्ता त्यांच्याजवळ होतीच, पण लेडी हॉबहाउस यांच्यासारख्या वजनदार हितचिंतकांचे पाठबळही होते, हे विसरून चालत नाही.

बडोद्याच्या वाचकाला याहून जवळचा आणि अधिक बोचणारा दाखला डॉ. आंबेडकरांचा आहे. १९१३ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारानुसार १९१७ मध्ये बडोद्यास रुजू झाले. आणि ज्या शहराच्या तिजोरीने त्यांना अमेरिकेस पाठविले त्याच शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना, कचेरीतील शिपाई त्यांच्या हाती कागद न देता दुरून टाकीत, असे झाल्याने अल्पावधीत त्यांना बडोदे सोडावे लागले. सयाजीबागेतील, म्हणजे जुन्या कमाटीबागेतील, संकल्पभूमी त्या प्रसंगाची साक्ष देते. हा भाग सर्वांस ठाऊक आहे. त्यापुढचा, आपल्या विषयाशी निगडित भाग मात्र कमी सांगितला जातो. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन १९२३ साली त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली, तेव्हा ओरिजिनल साइडवर काम मिळण्यासाठी सॉलिसिटराचा हात लागे, आणि सॉलिसिटरांच्या पेढ्या अस्पृश्य बॅरिस्टराच्या हाती ब्रीफ ठेवावयास राजी नव्हत्या. परिणामी ते अपील शाखेकडे आणि मुंबईबाहेरच्या जिल्हा कोर्टांकडे वळले, आणि उदरनिर्वाहासाठी १९२५ पासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन करू लागले. विषय कोणता, तर मर्कंटाइल लॉ! व्यापारी कायदा शिकविण्यास ज्याचा अधिकार शहराने मान्य केला, त्याला त्या कायद्याचे काम देण्यास शहरातील पेढ्या तयार नव्हत्या. गुणवत्ता असली की सारे आपोआप होते असे म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचे उत्तर द्यावे.

दुसरा दाखला गुजरातचाच, आणि तो वेगळ्या कारणासाठी मोलाचा आहे. गांधीजी १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले, मुंबईत त्यांची वकिली चालली नाही, आणि १८९३ साली दादा अब्दुल्ला आणि कंपनी या पोरबंदरच्या मेमण पेढीच्या कामासाठी, एका वर्षाच्या कराराने, जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च वेगळा धरून १०५ पौंडांवर, ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथे त्यांना दाव्यात वकील म्हणून उभे राहावयाचे नव्हते. पेढीच्या वकिलांना साहाय्य करावयाचे, गुजराती पत्रव्यवहार समजावून द्यावयाचा, हिशेब लावून द्यावयाचे, एवढेच काम होते. आजच्या भाषेत याला इंटर्नशिप म्हणण्यास हरकत नसावी. दावा ४०,००० पौंडांचा, आणि मुख्यतः हिशेबांचा. पी. नोट (वचनचिठ्ठी) म्हणजे काय हे त्या लंडनच्या बॅरिस्टराला ठाऊक नव्हते. त्यांनी जमाखर्चाचे एक पुस्तक विकत घेतले, ते अभ्यासले, आणि मग त्यांना दावा समजू लागला. शेवटी लवादामार्फत तडजोड झाली. व्यापारी कायद्याच्या उमेदवारीत खरोखर काय शिकावयाचे असते हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारा वृत्तान्त माझ्या पाहण्यात नाही: प्रथम व्यापार, मग हिशेब, मग कायदा.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला, पण उमेदवारीचा प्रश्न सुटण्याऐवजी निराळ्या वाटेने गुंतागुंतीचा झाला. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने साऱ्या देशासाठी वकिलांचा एकच वर्ग केला. मुंबई-कलकत्त्यातील सॉलिसिटर आणि ॲडव्होकेट हा भेद १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातून गेला, आणि सॉलिसिटरची परीक्षा लॉ सोसायटीच्या सन्मानापुरती उरली. सनद मिळण्यापूर्वी प्रशिक्षण घेण्याची जी अट मूळ कायद्यात होती ती १९७३ मध्ये वगळण्यात आली. बार कौन्सिलने १९९५ साली नियम करून एक वर्षाचे प्रशिक्षण पुन्हा आवश्यक केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये, व्ही. सुदीर यांच्या प्रकरणात, असा नियम करण्याचा अधिकार कौन्सिलला उरलेला नाही असे ठरवून तो रद्द केला. निर्णय कायद्याच्या दृष्टीने बिनतोड असेल. परिणाम मात्र असा झाला की, वैद्याला रुग्णालयात आणि सनदी लेखापालाला आर्टिकलशिपमध्ये जी सक्तीची उमेदवारी करावी लागते, तसे काहीच न करता पदवीधर थेट सनद घेऊ शकतो. २०१० मध्ये ऑल इंडिया बार एक्झामिनेशन आली, ती २०२३ साली घटनापीठाने मान्य केली. पण ती परीक्षा आहे, प्रशिक्षण नव्हे.

ही पोकळी भरण्याचे काम महाविद्यालयीन सुट्ट्यांवर येऊन पडले. बार कौन्सिलच्या २००८ च्या शिक्षणविषयक नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक असू नये, आणि मुला-मुलींनी पांढरा सदरा, काळा कोट, काळा टाय अशा वेषात हजर राहावे, इतका तपशील त्या नियमांत आहे. पोशाखाबद्दल इतकी दक्षता घेणाऱ्या नियमांनी, जागा कोणी द्यावी, कशी द्यावी, तिचे विद्यावेतन असावे काय, अर्जाला उत्तर देणे बंधनकारक असावे काय, यांबद्दल मौन पाळले आहे. म्हणजे विद्यार्थ्यावर कर्तव्य आहे, पेढीवर काहीच नाही. इंग्लंडमध्ये पुढे उलट दिशेने विचार झाला: तेथे पदवीनंतर दोन वर्षांचा ट्रेनिंग काँट्रॅक्ट ही जुनी रीत होती, तिच्या जागा दोन-दोन वर्षे आधी भरल्या जात, आणि त्यामुळे अनेकांची वाट कायमची अडे, म्हणून सप्टेंबर २०२१ पासून नवी परीक्षा लागू करताना दोन वर्षांचा अनुभव चार निरनिराळ्या ठिकाणी, अगदी विधिसाहाय्य केंद्रातसुद्धा, तुकड्यातुकड्यांनी मिळविण्याची मुभा दिली गेली. तेथील मोठ्या पेढ्यांतली चुरस त्यामुळे कमी झाली असे मी म्हणणार नाही; पण सनदेचा रस्ता त्या मूठभर पेढ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाही, एवढे खरे.

आता पेढ्यांच्या बाजूने पाहू. १९९१ नंतर परदेशी भांडवल आले, कंपन्यांची खरेदी-विक्री वाढली, आणि ज्या पेढ्या कौटुंबिक होत्या त्या शेकडो वकिलांच्या झाल्या. जुन्या कंपनी कायद्याने भागीदारांची मर्यादा २० वर बांधलेली होती. २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारीच्या (एल.एल.पी.) कायद्याने ती अडचण दूर झाली. १९१७ मध्ये स्थापन झालेली अमरचंद मंगलदास २०१५ साली दोन भावांत विभागली जाऊन सिरिल अमरचंद मंगलदास आणि शार्दूल अमरचंद मंगलदास अशा दोन पेढ्या झाल्या. खेतान, एझेडबी, जे. सागर, ट्रायलीगल ही नावे आज कोणत्याही विद्यार्थ्याच्या तोंडी असतात, आणि त्यांस तो ‘टियर वन’ म्हणतो. या पेढ्यांकडे अर्जांचा इतका लोंढा येतो की प्रत्येक अर्ज वाचणे भागीदाराला शक्य नसते. म्हणून चाळण लावली जाते, आणि सर्वांत स्वस्त चाळण म्हणजे महाविद्यालयाचे नाव. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी १९८८ साली बसली. गांधीनगरची गुजरात नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी २००३ ची. अशा संस्थांत विद्यार्थ्यांची निवड समिती पेढ्यांशी पत्रव्यवहार करते, ‘डे झीरो’च्या दिवशी पेढ्या स्वतः दारी येतात, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलाला महिनाभर कामास लावून त्याची परीक्षा पाहतात, आणि पसंत पडल्यास पदवीपूर्वीच नोकरीची हमी देतात. तिला सारे ‘पीपीओ’ म्हणतात. बडोद्यात १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या विधि विद्याशाखेतला विद्यार्थी या चाळणीत, तो काय जाणतो हे तपासण्यापूर्वीच, बाजूला पडण्याचा धोका असतो. तो मूर्ख म्हणून नव्हे. तो कोठे मोडतो हे चाळणाऱ्याला ठाऊक नसते म्हणून. वकिलांना जाहिरातीची मनाई असल्याने स्वतःविषयी चारचौघांत बोलण्याची सवयच पेढ्यांना नाही, असा एक बचाव मी ऐकला आहे. तो मला पटत नाही, कारण अशिलांसाठी भारी कागदावर माहितीपत्रके काढताना ही सवय आड येत नाही.

मग अर्ज करावा तरी कसा? या बाबतीत जे सल्ले फिरतात ते बहुतेक बाह्यांगाविषयी असतात: सीव्ही एका पानाचा असावा, अक्षरे अमुक असावीत, छायाचित्र नसावे. हे खरे आहे आणि पुरेसे नाही. पहिली गोष्ट मुदतीची. मोठ्या पेढ्यांच्या मे-जूनच्या जागा कित्येक महिने आधी भरतात, आणि परीक्षा संपल्यावर जागा झालेला विद्यार्थी तेथे उशिराच पोचतो. दुसरी गोष्ट शाखेची. ‘मला व्यापारी कायद्याची आवड आहे’ हे वाक्य वाचणाऱ्यास काहीच सांगत नाही, कारण पेढीत कंपन्यांचे विलीनीकरण, बँकांची कर्जे, भांडवलबाजार, स्पर्धा कायदा, लवाद, करप्रकरणे अशा वेगवेगळ्या चुली असतात आणि एकीवरचा स्वयंपाकी दुसरीकडे ढुंकून पाहत नाही. अर्ज या भागीदाराकडे जावा की त्या, हे अर्जदारालाच ठरवावे लागते. तिसरी गोष्ट भाषेची, आणि येथे आपल्या लोकांची खोड जुनी आहे. दरबारी अर्जाचा थाट आपल्या हाडीमांसी इतका खिळलेला आहे की, ‘आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी देऊन उपकृत करावे’ या धर्तीची इंग्रजी वाक्ये आपण नकळत लिहितो. पेढीला उपकार करावयाचा नसतो. तिला शनिवारी रात्री दोनशे पानांच्या करारातील तीन घातक कलमे हुडकून काढणारा माणूस हवा असतो, आणि तो तुम्ही आहात काय, एवढेच ती पाहते. चौथी गोष्ट, जी सांगावी लागते याचेच नवल वाटते: एका पेढीला पाठविलेल्या पत्रात दुसऱ्या पेढीचे नाव राहून जाते. असे पत्र वाचणारा ते पुढे वाचीत नाही, आणि त्याचे चुकते असे मला वाटत नाही. मसुदा तपासणे हाच ज्यांचा धंदा त्यांनी अर्जदाराचा मसुदा तपासून पाहावा हे रास्तच आहे.

मुलाखतीतही प्रश्न बहुधा सीव्हीतूनच निघतात. अभिरूप न्यायालयाचे पारितोषिक, नियतकालिकातला लेख, परिसंवादाचे प्रमाणपत्र यांची फेरिस्त जितकी लांब, तितकी उलटतपासणी सोपी. ‘तुमच्या लेखातले प्रतिपादन दोन वाक्यांत सांगा’ म्हटल्यावर ज्याला सांगता येत नाही, त्याचा लेख त्याच्याच विरुद्ध पुरावा होतो. पैसे भरून घरबसल्या इंटर्नशिपची प्रमाणपत्रे देणारी दुकाने अलीकडे फार झाली आहेत. त्यांतील कागद भारी असतो, एवढाच त्यांचा गुण.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अर्जात लिहिण्याजोगे काही तरी आधी हातून घडलेले असावे. आणि ते घडण्यासाठी बडोद्याइतके सोयीचे शहर थोडे असेल. आमचे विद्यार्थी मुंबईच्या आशेने बडोद्याकडे पाठ फिरवितात, ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. १९०७ साली अलेम्बिक आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा ज्या गावात निघाली, कोयलीची रिफायनरी, गुजरात स्टेट फर्टिलायझर्स, आय.पी.सी.एल., जी पुढे रिलायन्समध्ये विलीन झाली, असे कारखाने ज्याच्या वेशीवर उभे राहिले, सन फार्माचे नोंदणीकृत कार्यालय ज्याच्या हद्दीत आहे आणि २०२४ मध्ये टाटा-एअरबसच्या विमानांचा कारखाना ज्याने पाहिला, त्या गावात व्यापारी कायदा पुस्तकातून शिकावा लागू नये. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखानदाराचे उदाहरण घ्या. त्याने मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरविले, आठ महिने बिल मिळाले नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या आत त्याला पैसे मिळाले पाहिजेत. न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, महिनावार चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. आणि दाद मागण्यासाठी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. कायदा इतका सज्ज असून कारखानदार तक्रार करीत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच कंपनीकडून यावयाची असते. हे ज्या विद्यार्थ्याने एखाद्या स्थानिक वकिलाच्या वा कंपनी सेक्रेटरीच्या कचेरीत बसून पाहिले, त्या कारखानदाराची बिले तारीखवार लावली, व्याजाचा तक्ता केला आणि शेवटी तडजोडीचा मसुदा लिहिला, त्याच्याजवळ मुंबईच्या भागीदारास सांगण्यासारखे काही तरी आहे. त्यातून आयकर कायद्यातील कलम ४३ब (ह) मुळे २०२४ पासून, वेळेवर न दिलेली अशी देणी, ती प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत, खर्च म्हणून वजा होणे थांबले आहे, हे जो जोडून दाखवील तो केवळ कायदा जाणतो असे नव्हे, देणेकऱ्याच्या हिशेबनिसाचे मनही जाणतो.

कोर्टांचेही तसेच. जुन्या न्यायमंदिराची ती भव्य इमारत सोडून न्यायालये आता दिवाळीपुऱ्यात गेली आहेत. व्यापारी न्यायालयांच्या २०१५ च्या कायद्याखालील दाव्यांची किमान रक्कम २०१८ मध्ये एक कोटीवरून तीन लाखांवर आल्याने, पूर्वी केवळ मुंबईत दिसणारे करारभंगाचे तंटे जिल्ह्याच्या ठिकाणी पाहावयास मिळतात. अहमदाबाद शंभरेक किलोमीटरवर. सकाळच्या गाडीने गेले तर कंपनी विधि न्यायाधिकरणात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखालचे कामकाज दिवसभर ऐकून रात्री घरी जेवावयास येता येते. कंपन्यांचे विधि विभाग, बँकेची वसुली शाखा, सनदी लेखापालांच्या कचेऱ्या, या ठिकाणी अर्जांची गर्दी नसते आणि शिकविणाऱ्याजवळ वेळ असतो. दांडिया बाजारातील आमच्या मराठी घरांत ज्यांचे पूर्वज संस्थानच्या दप्तरांत फडणिशी-चिटणिशी करीत, त्यांना कागद वाचण्याची ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारी वाहिनी कोणत्या करारांवर आणि कोणत्या परवान्यांवर चालते, हा एकच विषय घेऊन एखाद्याने उन्हाळा घालविला तरी पर्यावरण कायद्याच्या पाच परिसंवादांहून तो अधिक शिकेल.

पैशाचा प्रश्न मात्र या उपायाने सुटत नाही. मुंबईत महिनाभर राहून विनावेतन अथवा नाममात्र विद्यावेतनावर काम करणे ज्याला परवडते तोच ते करतो. बडोद्याच्या मराठी मुलाला ठाण्या-डोंबिवलीत मावशी किंवा काका असण्याचा संभव अधिक, आणि लोकलचा पास काढला की त्याचे भागते. हालोल-छोटाउदेपूरकडून शिकावयास आलेल्या आदिवासी विद्यार्थ्याला तो आधार नाही. हासुद्धा वशिलाच, फक्त त्याला आपण आतिथ्य म्हणतो. बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मासिक विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, हुकूम नव्हे, आणि विद्यार्थ्यांना ती लागू नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सनदेचे शुल्क सर्वसाधारण वर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाति-जमातींसाठी १२५ रुपयांहून अधिक घेता येणार नाही असे ठरवून एक अडसर दूर केला. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ‘इडिया’ ही संस्था वंचित घरांतील मुलांना राष्ट्रीय विधि विद्यापीठांपर्यंत पोचविते. पण विद्यापीठाच्या दारापासून पेढीच्या दारापर्यंतचे अंतर हा वेगळाच प्रवास आहे, आणि त्यासाठी मोठ्या पेढ्यांनी, निदान वर्षातून काही जागा, निवासखर्चासह आणि महाविद्यालयाचे नाव झाकून भराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव झाकल्याने निवड बिघडेल अशी ज्यांना भीती वाटते, त्यांचा आपल्या परीक्षकांवर विश्वास नाही असेच म्हणावे लागेल.

परदेशी पेढ्यांबद्दल थोडक्यात. लंडनच्या काही पेढ्या गेली अनेक वर्षे बंगळूरसारख्या संस्थांतून मुले निवडून नेत आल्या आहेत. बार कौन्सिलने २०२३ मध्ये नियम करून आणि २०२५ मध्ये ते सुधारून परदेशी वकिलांना कोर्टाबाहेरच्या मर्यादित कामासाठी भारतात वाट मोकळी केली आहे. गांधीनगरजवळची गिफ्ट सिटी बडोद्याहून दोन-अडीच तासांवर असल्याने तिकडे आशेने पाहणारे पुष्कळ आहेत. माझी आशा बेताची आहे, कारण नवी पेढी जुन्या चाळणी सोबत घेऊनच येते. याहून निकडीची गोष्ट यंत्राची. कराराच्या पानांतून कलमे वेचणे, निवाड्यांचे सार काढणे, ही जी कामे उमेदवाराच्या वाट्यास येत आणि ज्यांतून तो कळत-नकळत शिके, ती आता संगणकीय प्रणालींकडे जाऊ लागली आहेत. उमेदवाराने मुलाखतीत उलट विचारावयास हवे की, हे काम यंत्र करणार असेल तर मला कोणते काम देणार, आणि ते शिकविण्यास कोण बसणार.

राहिली गोष्ट नियम लिहून काढण्याची. ती पेढ्या करतील तेव्हा करतील. विधि विद्याशाखेस मात्र त्यासाठी कोणाची परवानगी नको. बडोदे संस्थान दरवर्षी आपल्या कारभाराचा छापील अहवाल काढीत असे, आणि खात्याखात्याचे आकडे त्यात लोकांपुढे ठेवले जात. त्याच धर्तीवर विद्याशाखेने एक वही ठेवावी: कोणत्या विद्यार्थ्याने कोणत्या पेढीस, कोणत्या महिन्यात, कोणत्या शाखेसाठी अर्ज केला, उत्तर किती दिवसांनी आले, की आलेच नाही, मुलाखतीत काय विचारले, काम कोणते दिले, विद्यावेतन किती मिळाले. नावे झाकावीत, बाकी सारे पुढच्या तुकडीला वाचू द्यावे. यासाठी लागते ते ग्रंथालयातले एक कपाट, आणि परतलेल्या विद्यार्थ्याकडून आठवड्याच्या आत दोन पाने लिहून घेणारा एक चिकाटीचा कारकून.